पाचवी बाटली

तंजावूरच्या राजवाड्यामागे एक कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. तिथे मी मदतनीस आहे. आमच्याकडे किस्से कापसाच्या बोळ्यांसारखे साठतात, रोज टोपलीभर! लोकांच्या कानांतून मणी, खडू, एकदा तर चिंचोका निघालेला मी पाहिलाय. वाटलं होतं, आता आपल्याला कसला धक्का बसणार! पण एका सेंटच्या बाटलीने भल्याभल्यांची बोबडी वळवली. पहिली माझीच.

*

तापानंतर वास गेलेले पेशंट आमच्याकडे बरेच येतात. त्यांना रोज चार बाटल्या हुंगायला सांगतो: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. नाकाचा व्यायामच तो! एक दिवस आमच्या इंदू डॉक्टरांनी घरून पाचवी बाटली आणली. त्यांना लग्नात मिळालेलं जुनं फ्रेंच परफ्यूम. माझ्या मनगटावर थेंब लावला. जाईचा वास. छान, सोज्वळ, देवळात जाऊन आल्यासारखा.

"थांब जरा," डॉक्टर म्हणाल्या.

दोन पेशंटचे कान धुऊन झाल्यावर मी पुन्हा हुंगलं. अय्यय्यो! जाई कुठल्या कुठे! ऊबदार, किंचित घामट, कुणाच्या तरी मोकळ्या केसांत नाक खुपसल्यासारखं काहीतरी. मी चटकन हात पदराखाली घेतला.

"डॉक्टर, हे पेशंटला द्यायचं?"

"नाक लाजलं तरी चालेल, जागं झालं पाहिजे!"

मग मी रोज सकाळीच कागदी पट्ट्यांना थेंब लावून ठेवू लागले. दुपारपर्यंत जाई उडून जायची आणि खालचा वास वर यायचा.

*

ओरत्तनाडूचे एक रिटायर्ड हेडमास्तर बायकोला घेऊन आले. चारही बाटल्यांना "काही नाही." पाचवी पट्टी नाकाशी धरली आणि त्यांचे कान लालबुंद!

"काही येतंय, सार?"

"छे. काहीच नाही."

बायकोने पट्टी ओढून घेतली, हुंगली, नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि ठणकावून म्हणाली, "खोटं बोलतात, डॉक्टर! चांगलं येतंय त्यांना!"

*

आमच्याच गल्लीतल्या रुक्मिणीमामी कान दुखतो म्हणून आल्या होत्या. कुतूहल म्हणून त्यांनीही एक पट्टी उचलली.

"शी! हा कुणाच्या बिछान्याचा वास गं?"

"मामी, त्यात मुख्य जाईच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जाई जरा जुनी झाली की असाच वास येतो."

मामींचा चेहरा पांढरा पडला. "जाई? मी रोज देवाला घालते ती?"

दुसऱ्या दिवशी कान दाखवायला आल्या, तेव्हा मी हळूच विचारलं, "आज देवाला काय घातलंत?"

"जाईच!" मामी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. "त्याला काय, आधीपासून ठाऊक असणार!"

*

आमच्या कंपाउंडर सेल्वमच्या शर्टावर एकदा ती बाटली कलंडली. संध्याकाळी त्याची बायको शर्ट मुठीत धरून दवाखान्यात हजर!

"कोण ती?"

डॉक्टरांनी तिच्याच मनगटावर थेंब लावला आणि तिला बाकावर बसवलं. थोड्या वेळाने तिने मनगट हुंगलं. डोळे विस्फारले. पुन्हा हुंगलं.

"शर्टाचा डाग काढून देऊ का?" मी विचारलं.

"नको!" असं म्हणून शर्ट पिशवीत घालून ती निघून गेली. सेल्वम दुसऱ्या दिवशी उशिरा आला.

*

आणि तिरुवैयारूच्या वीणेच्या टीचर, सरस्वतीअक्का. साठी उलटलेल्या, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. आमच्यासारख्याच मराठी घरातल्या. वास जाऊन दोन वर्षं झालेली. एकदा घरात गॅस सुटला होता, तरी त्यांना कळलं नाही. तेव्हापासून मुलगा त्यांना एकटीला स्वयंपाकघरात जाऊ देत नव्हता. दर आठवड्याला तोच घेऊन यायचा. पाचही बाटल्या हुंगायच्या आणि मान हलवायची, "नाही." डॉक्टरसुद्धा मनातून निराश झाल्या होत्या.

त्या दिवशीही चार बाटल्या झाल्या. पाचवी पट्टी नाकाशी नेली आणि अक्का दचकून मागे सरकल्या. खुर्ची करकरली. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"हे इथे कसे आले?"

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला. मुलगा आनंदाने पुढे झुकला. "आलं, अम्मा? वास आला? कोण, अप्पा?"

"तुझ्या अप्पांना चंदनाशिवाय काही चालत नसे," अक्का म्हणाल्या.

"मग कोण?"

अक्कांनी पट्टी मुठीत घट्ट धरली.

"तू जरा बाहेर जाऊन बस, राजा."