ध्रुवावरची वीज आर्वीला द्या

तुमच्या वाट्याची वीज कुठे जाते, हे कधी विचारलंय? सन दोन हजारच्या आसपास आम्ही आर्वीकरांनी विचारलं. सूर्यावरच्या वादळांमुळे उत्तर ध्रुवावर, फार उंच, विद्युतभारित वायूचे दाट ढग सरकतात आणि रेडिओ बिघडतो, असं सांगणारं विज्ञानप्रसाराचं पत्रक मी आर्वीच्या बाजारात वाटलं. भारनियमनामुळे आमच्या शेजारच्या काकांची वांगी वाळत होती. पत्रक वाचून ते म्हणाले, "इथं माही मोटर बंद, अन् तिकडे ढग वीज घेऊन फिरून राह्यले? काऊन?"

समजावता समजावता मीच पेटलो. मोर्चा वीज कार्यालयावर नेला. साहेब गंभीरपणे म्हणाले, "ध्रुव आमच्या हद्दीत येत नाही. वर्ध्याला विचारा."

वर्ध्यानं पुन्हा आर्वीला पाठवलं. वांगी वाळली. ध्रुव कोणत्या कार्यालयाकडे येतो हे ठाऊक असेल तर कळवा. काका अजून विचारतात.