‘नाही’च्या चौकोनातली खूण

क्रूझला जायचं ठरलं की आमच्या गल्लीतली माणसं आधी बोटआत्याकडे येतात, मग तिकीट काढतात. तिचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. चौदा वर्षं प्रवासी बोटीवर केबिना साफ करून ती परत आली, आणि भाचरांची आत्या सगळ्यांची बोटआत्या झाली.

ती सल्ले फुकट देते, पण गोड करून देत नाही. केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे बोट कमी हलते. घेण्याआधी नकाशात बघा, डोक्यावर काय आहे ते. वर नाचाचा हॉल असेल तर तुमची झोप गेली, स्वयंपाकघर असेल तर पहाटेपासून भांड्यांच्या गाड्या. बंदरावर एक दिवस आधी पोचा, बोट कुणाच्या बापासाठी थांबत नाही. औषधं, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. किनाऱ्यावर फिरायला उतरलात तर घड्याळ बोटीच्या वेळेवरच ठेवा आणि तासभर आधी परत या.

इथवर माणसं वहीत उतरवून घेतात. मग आत्या दुसऱ्या भागाकडे वळते आणि त्यांच्या हातातलं बिस्कीट हातातच राहतं. टीव्हीचा रिमोट आधी पुसा, अख्ख्या केबिनमध्ये त्याच्याइतकं घाण काही नसतं. पलंगाच्या पायथ्याशी ती रंगीत पट्टी असते ना, ती उचलून कोपऱ्यात टाका, रोज धुतात म्हणून कुणी सांगितलं तर माझ्याकडे पाठवा. पहिल्या दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये गर्दी करू नका, हजार माणसं वाढून घ्यायचा एकच चिमटा धरतात आणि त्यातली निम्मी नुकतीच संडासातून आलेली असतात. आणि तो गरम पाण्याचा हौद. “त्यात लोक सूप ढवळल्यासारखे बसतात,” आत्या म्हणते, “आणि सूप कशाचं, तर एकमेकांचं.”

शेवटचा सल्ला ती उठता उठता देते. चढण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, त्यावर खरं लिहा. हा सल्ला आजवर कुणी वहीत उतरवलेला नाही.

बोटीवर आत्याच्या वाट्याला चौदा केबिना असायच्या, दिवसातून दोनदा. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, टॉवेलचे हंस करायचे, बेसिनमधले दुसऱ्यांचे केस बोटांनी उचलायचे, आणि कुणी समोर आलं की भिंतीला पाठ लावून हसायचं. त्या हसण्याचंही शिक्षण होतं. तक्रार असो, शिवी असो, उत्तर एकच, “सगळं उत्तम आहे.” राहायची जागा पाण्याच्या पातळीखाली, एका खोलीत दोघी. समुद्र दिसायचा तो कामगारांच्या जिन्यातल्या ताटाएवढ्या गोल काचेतून. वरच्या उघड्या डेकवर लांब खुर्च्यांच्या रांगा होत्या. तिथे कामाशिवाय पाऊल टाकायची मनाई. कधी टॉवेलांचा गठ्ठा पोचवायला गेली तर आत्या तिरप्या नजरेनं बघायची. सकाळच्या उन्हात बायका हात मांडीवर टाकून नुसत्या बसलेल्या. काही करत नसायच्या, काही करायचं राहिलंय असंही वाटत नसावं. चौदा वर्षांत तिला एवढ्या एकाच गोष्टीचा हेवा वाटला.

आणि एक गोष्ट तिच्या पोटात कायमची बसली. तिच्या खालच्या पलंगावर झोपणारी जोडीदारीण एकदा उलट्या-जुलाबांनी अशी आडवी झाली की पुढच्या बंदरावर तिला स्ट्रेचरवरून उतरवलं. ती पुन्हा बोटीवर आली नाही. तिच्या वाट्याच्या एका केबिनमध्ये प्रवाशानं जाताना आभाराचं कार्ड ठेवलं होतं. ते आत्याच्या हाती लागलं. ‘तुम्ही फार काळजी घेतलीत. मला घरून निघतानाच बरं नव्हतं.’ खाली हसऱ्या तोंडाचं चित्र. म्हणजे त्याच माणसानं चढताना फॉर्मवर ‘नाही’च्या चौकोनात खूण केली होती. आत्यानं ते कार्ड फाडलं, तुकडे संडासात टाकले आणि पाण्याचं बटण दोनदा दाबलं.

पाठीनं असहकार पुकारल्यावर ती घरी आली. एक खोली, एक खिडकी, पलंगावर पांढरी चादर, कोपरे अजून पाकिटासारखेच. दोन वर्षांनी दादाला साठी लागली. लेकानं आईबापांना क्रूझची तिकिटं पाठवली. त्यांच्याच केबिनमध्ये सोफ्याचा पलंग होऊन तिसरं माणूस जवळजवळ फुकटात मावत होतं. वहिनी स्वतः सांगायला आली. “वन्सं, तुम्हाला बोटीची सवय आहे. तुम्ही असलात की आमचं काही अडणार नाही.”

आत्याला त्या वाक्याचा वास आला. वहिनीनं लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी तिला फुकटात काही दिलं नव्हतं, साधा कढीपत्तासुद्धा मोजून दिला होता. पण डोळ्यासमोर ती लांब खुर्ची आली. एक सकाळ, फक्त एक. उन्हात बसायचं, हात मांडीवर. ती हो म्हणाली.

आत्याच्याच सल्ल्यानं तिघं एक दिवस आधी बंदराच्या गावी पोचली आणि लॉजवर उतरली. दादाला खायला कुणी शिकवावं लागत नाही. लॉजच्या जेवणात सकाळपासून उघडं पडलेलं अंड्याचं सॅलड होतं. आत्या म्हणाली, त्याला हात लावू नकोस. दादा म्हणाला, बोटीवर एवढी साफसफाई करून तुझी नजरच बिघडली आहे. त्यानं दोनदा वाढून घेतलं. उजाडेपर्यंत त्या खोलीच्या संडासाचं दार बंद व्हायचं थांबलं नाही. सकाळी तो भिंतीच्या रंगाचा झाला होता. वहिनीनं त्याला गोळ्या दिल्या, अत्तर फासलं आणि जाहीर केलं, पित्त आहे.

बंदरावर रांगेत फॉर्म हातात पडले. गेल्या दोन दिवसांत तुम्हाला किंवा तुमच्या केबिनमधल्या कुणाला उलटी वा जुलाब झाले आहेत का? हो, नाही. दोन चौकोन. दादानं वाचायच्याही आधी ‘नाही’वर खूण केली. वहिनीनं त्याच्या कागदात बघून तशीच केली, परीक्षेत शेजारचं बघून करावी तशी. मग दोघांनी आत्याकडे बघितलं.

“लिही ना,” दादा म्हणाला. “तुझ्या एका खुणेपायी तिघांना परत पाठवतील. लेकाला काय सांगू?”

आत्याला जोडीदारिणीचा चेहरा आठवला. पण काचेपलीकडे बोट उभी होती, पांढरी, मजल्यांवर मजले, आणि सगळ्यात वर खुर्च्यांची रांग इथूनही दिसत होती. आता उतार आहे त्याला, तिनं स्वतःला समजावलं. काल रात्रीचं काल रात्री गेलं. काउंटरवरच्या बाईनं हात पुढे केला. आत्यानं ‘नाही’वर खूण केली. चौदा वर्षं ज्यांच्या नावानं तिनं बोटं मोडली होती, त्यांच्यात आणि तिच्यात त्या क्षणी बोटभर फरक उरला नाही.

पहिला दिवस दादा पांघरूण घेऊन पडून राहिला. वहिनी मात्र तीनदा जेवून आली आणि प्रत्येक वेळी रुमालात काहीतरी बांधून आणलं. केबिन साफ करणारी बाई पस्तिशीची असेल, मनगटावर इस्त्रीचा जुना डाग. तिनं टॉवेलचा हंस करून ठेवला. वहिनीनं हंसाची मान धरून तो उलगडला आणि त्याला पाय पुसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या उठली, केस विंचरले, चांगली साडी नेसली आणि जिन्यानं वर गेली. डेक रिकामं होतं. माणूस एक नव्हतं, पण प्रत्येक खुर्चीवर टॉवेल होता, टॉवेलावर एखादं पुस्तक नाहीतर चप्पल. लोकांनी पहाटेच येऊन जागा धरून ठेवल्या होत्या आणि परत जाऊन झोपले होते. आत्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. दुसरं कुणी असतं तर टॉवेल बाजूला करून बसलं असतं. तिला जमेना. प्रवाशाच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे चौदा वर्षं हाडात मुरलं होतं. एका खुर्चीवर कुणाची तरी कवळी रुमालात गुंडाळून ठेवलेली होती. जागेसाठी माणसानं दातसुद्धा गहाण टाकावेत.

ती खाली आली आणि वळणावरच थबकली. त्यांच्या केबिनच्या दारावर ‘आत येऊ नये’ची पाटी लटकत होती, आणि दाराबाहेर, भिंतीलगत, मोठ्या टॉवेलाचं गाठोडं होतं. ओल आत्ताच गालिच्यात उतरत होती. वास तिच्या नाकाला लांबूनच कळला. साफसफाईवाली बाई वाकली होती. प्रवाशांचे ओले टॉवेल रोजच दाराबाहेर पडलेले असतात. तिनं ते गाठोडं उघड्या हातांनी उचललं आणि गाडीत टाकण्यासाठी छातीशी धरलं.

“हात लावू नका,” आत्या ओरडली. पण हात लागला होता, पदरासारखा पुढचा एप्रन भिजला होता. त्या बाईनं खाली बघितलं, गाठोड्यात काय आहे ते तिला कळलं, आणि तरी ती हसली. भिंतीला पाठ लावून, शिकवल्याप्रमाणे. “काही हरकत नाही, मॅडम. सगळं उत्तम आहे.”

आत्यानं दार उघडलं. उलटी गालिच्यावर, पलंगाच्या रंगीत पट्टीवर, दादाच्या चपलेत. वहिनी नाकाला पदर लावून खुर्चीवर उभी होती, पुराचं पाणी आल्यासारखी.

“आलात? बरं झालं,” ती म्हणाली. “मी पाटी लावून ठेवली आहे. कुणाला कळायच्या आत तुम्ही एवढं पुसून टाका. तुम्हाला येतं.”

म्हणजे वहिनीच्या त्या आमंत्रणाचा वास आला होता तो खोटा नव्हता. आत्यानं तिच्याकडे बघितलं, मग दादाकडे. तो डोळे मिटून पडला होता, पण पापण्या हलत होत्या. तिला किळस आली ती जमिनीवरच्या घाणीची नव्हे, तसली घाण तिनं पिंपं भरभरून उपसली होती. तिनं फोन उचलला आणि दवाखान्याचा आकडा दाबला. वहिनी खुर्चीवरून उतरली, फोनच्या वायरीला हात घातला. आत्यानं तो हात बाजूला केला आणि शांतपणे सांगितलं. केबिनचा नंबर. उलटी आत्ता झाली, पण आजार परवाच्या रात्रीपासून. फॉर्मवर खोटं लिहिलं. तिघांनी. “माझ्याकडून नीट लिहून घ्या,” ती म्हणाली, “मीही लिहिलं. आणि आमच्याकडच्या बाईचा हात लागला आहे, तिला आधी बघा.”

दादा डोळे न उघडता एकच शब्द बोलला. घरभेदी.

तीन दिवस तिघं त्या केबिनमध्ये कोंडली गेली. खिडकी नव्हती. टीव्हीवर एक चॅनेल होता, त्यात बोटीच्या टोकावरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसे. आत्यानं रिमोट पुसून तो लावून ठेवला. वहिनीनं पहिल्या दिवशी शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी बरा झालेला दादा आणि ती आत्यासमोरच ठरवायला लागली की घरी गेल्यावर काय सांगायचं. ठरलं असं, की आत्याचं पोट बिघडलं आणि तिच्यापायी सगळे अडकले.

आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दारावरच्या टकटकीची वाट बघायची. जेवणाची ताटं दाराबाहेर ठेवली जात. पहिल्या दिवशी दार किलकिलं केल्यावर तिला इस्त्रीचा डाग असलेलं मनगट दिसलं, हातमोज्याच्या वर. दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. दुपारी ताट ठेवणारा हात वेगळा होता.

“आधीच्या बाई?” आत्यानं विचारलं.

“रजेवर आहेत, मॅडम.”

बोटीवर कुणी रजेवर नसतं, हे आत्याला कुणी सांगायला नको होतं.

पाचव्या दिवशी सकाळी दवाखान्यानं मोकळं केलं. दादा-वहिनी तडक जेवणाच्या हॉलकडे गेली, दोघांनी दोन चिमटे धरले. आत्या वर गेली. दुसऱ्या सकाळी उतरायचं म्हणून लोक खाली बॅगा भरत होते, वाराही होता, आणि डेकवर चाळीसेक खुर्च्या रिकाम्या होत्या. टॉवेल नाही, पुस्तक नाही. ऊन होतं. ती एका खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली. बसली नाही. ती वळली आणि जिन्याजिन्यानं खाली उतरत गेली, गालिचा संपून लोखंडी जमीन लागेपर्यंत. तिथे दार होतं, त्यावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’. ते तिनं ढकललं, सवयीनं, खांद्यानं.

आतून एक गणवेशातला माणूस आला आणि अदबीनं वाटेत उभा राहिला. आत्यानं आपला केबिन नंबर सांगितला, इस्त्रीच्या डागाची खूण सांगितली, विचारलं, ती कशी आहे. पाणी पोटात ठरतं का तिच्या? सलाईन लावलं का? खोलीत दुसरी कोण आहे?

त्या माणसानं भिंतीला पाठ लावली आणि तो हसला.

“सगळं उत्तम आहे, मॅडम.”

ते हसणं आत्यानं चौदा वर्षं तोंडावर घातलं होतं. नव्यांना आरशासमोर उभं करून शिकवलंही होतं. समोरून ते काय असतं, ते तिला या बोटीवरच कळलं.

घरी आल्यावर दादानं ठरल्याप्रमाणे सांगितलं आणि सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे मानलं. आत्यानं घरात ते खोडून काढलं नाही. सल्ला विचारायला येणाऱ्यांना मात्र ती स्वतःहून सगळं सांगते, आपल्या खुणेसकट, काही न लपवता. परवा पलीकडच्या इमारतीतली शिक्षिका आली होती, वही घेऊन, पुढच्या महिन्यात नवऱ्यासोबत जायचं म्हणून. तिनं सगळं ऐकलं, मध्ये मध्ये ‘बाई गं’ म्हणाली, डोळ्यांना रुमालही लावला. मग वही मिटता मिटता तिनं विचारलं, “पण आत्या, समजा अगदी किरकोळ असलं, एखादाच जुलाब, तर नाही लिहिलं तर चालतं ना?”

शिक्षिकेच्या हातातला अर्धा राहिलेला चहा आत्यानं काढून घेतला, मोरीत ओतला, आणि कप साबणानं दोनदा धुतला.