भूगोल नसलेल्या धर्मप्रांतातून धुळ्याला

आमचा धर्मप्रांत फक्त लेटरहेडवर होता, असं एका वाचकाने या ब्लॉगवर लिहिलं, म्हणून हे लिहावं लागतंय. त्याला सीमा नव्हत्या, हे खरं. जुनं प्रार्थनापुस्तक न सोडणारी मंडळी जिथे असतील तिथे तो असे. नव्वदीच्या सुरुवातीला भुसावळात आम्ही अकरा जण होतो. धुळ्यात एकच, रूथअक्का, निवृत्त नर्स.

अक्कांनी बिशपांना पत्र घातलं होतं: मुलगा सुरतेला नेतोय, त्याआधी जुन्या पुस्तकाप्रमाणे प्रभुभोजन हवं. बिशपांनी कळवलं, तुम्ही कुठेही असा, आमच्याच प्रांतात आहात. त्यानंतर वर्षभर कुणी फिरकलं नाही. शेवटी अक्का निघायच्या आदल्या दिवशी आमच्या फादरांना मीच घेऊन निघाले.

सकाळच्या पॅसेंजरने जळगाव, तिथून एस.टी. उजवीकडे बसा, ऊन लागत नाही. प्रभुभोजनाच्या प्याला-थाळीची पेटी माझ्या मांडीवर. आमच्यात बायकांना वेदीपाशी उभं राहायची मनाई. मोठ्या चर्चपासून वेगळे झालो त्याचं तेही एक कारण. ओझं उचलायला मनाई नव्हती.

पारोळ्याला बस पंक्चर. दीड तास. फादर उपाशीपोटी झाडाखाली. प्रभुभोजनाआधी काही खायचं नाही, हा आमचा नियम. मी फक्त पेटी उचलायला आलेली, नियम मला नाही, असं समजून मिरचीची भजी खाल्ली. तेल जुनं होतं. तिथे खाऊ नका.

धुळ्यात अक्का धुतलेलं पातळ नेसून खाटेवर बसल्या होत्या. सामान बांधून झालेलं.

"दोघींचा उपास आहे ना?" फादरांनी विचारलं.

"माझा नाही. भजी खाल्ली."

फादर मटकन स्टुलावर बसले. "बाई, आजाऱ्याच्या घरीसुद्धा पाद्र्याखेरीज निदान दोन घेणारे लागतात. दुसऱ्या तुम्हीच!"

मला जन्मभर कुणी मोजलं नव्हतं, ते नेमकं त्या दिवशी.

"मी बी गोळीसंगे दूध पिधं," अक्का म्हणाल्या.

"आजाऱ्याला सूट आहे, अक्का."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग हिलेबी आजारी लिखी टाका ना, फादर! सकाय मी चालनू सुरतले."

फादर नियमाचे पक्के. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तुम्हाला काही होतंय का?"

मी खोटं बोलत नाही. "पोटात आग पडलीय. पारोळ्यापासून."

त्यांनी पेटी उघडली. अक्का पुस्तकात न बघता सगळं म्हणत होत्या, फादर अडखळले तिथेही.

आम्ही निघताना अक्कांनी विचारलं, "तठे सुरतले मनासंगे प्रार्थनाले कोन शे?"

"आपल्या प्रांताला हद्दच नाही, अक्का. बाहेर कशा जाल?" बिशपांचं तेच वाक्य. पण मी दर महिन्याला पत्र लिहिलं. त्या होत्या तोवर उत्तरं आली.

आता त्या अकरांतलं माझ्याखेरीज कुणी नाही, धर्मप्रांतही नाही. रजिस्टर माझ्याकडे आहे. "गाव सोडल्याची तारीख" या रकान्यात अक्कांपुढे मी काहीच लिहिलेलं नाही. त्या दिवशीची फादरांची नोंद: घेणारे दोन, दोन्ही आजारी. खाली माझी:

मिळाले: जुने मराठी प्रार्थनापुस्तक, एक. पुठ्ठा सुटलेला. देणार: रूथअक्का, त्यांना पाठ आहे. घेणार: मी. प्रकृती बरी.