पेन ड्राइव्हला कुंकू

आमच्या घरात माझी एक सवत राहते. आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा, स्वच्छ आणि जरा कोरडा. ती बोलते ते सगळं माझ्या नवऱ्याच्या मनातलं असतं, आणि बहुतेक वेळा माझ्याविरुद्ध असतं.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. बाकी सगळं शाबूत. समजतं सगळं, आठवतं सगळं, आमटीत मीठ विसरलं तर कपाळावर उमटतं सगळं. फक्त शब्द बाहेर येत नाही. आमची सून गुडगावला आयटीत आहे. तिने घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर अशी सोय करून दिली, की हे डाव्या हाताने टाइप करतात आणि मशीन ते मराठीत मोठ्याने म्हणतं. रोजची वाक्यं तर एकेका बटणावरच बसवली आहेत. एकावर ‘चहा’, एकावर ‘टीव्हीचा आवाज कमी कर’, एकावर ‘आता पुरे’. ‘आता पुरे’चं बटण सगळ्यात गुळगुळीत झालंय.

केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म फायलींवर ‘कृपया चर्चा करें’ लिहिण्यात घालवलेला हा माणूस. घरी चर्चा अशी कधी केली नाही. आता ती बाई आल्यापासून मात्र दिवसभर चर्चाच चर्चा.

मागच्या उन्हाळ्यात ते मशीन मेलं. काळा पडदा, कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय, बस्स. सून आणि मुलगा दोघंही कामासाठी बाहेरगावी, म्हणून मी मशीन रिक्षात घालून बाजारात नेलं. दुकानदाराने आतली डिस्क बदलली, स्वतःकडची रिकव्हरी डिस्क लावली आणि विजयी मुद्रेने म्हणाला, “लो माताजी, बिल्कुल नया कर दिया।”

तिथेच तर घोटाळा होता. मशीन बिल्कुल नवं झालं होतं. मराठी गेली, मोठी अक्षरं गेली, बटणांवरची वाक्यं गेली. ह्यांनी नेहमीच्या सवयीने ‘चहा’चं बटण दाबलं तर एक परका पुरुष इंग्रजीत खेकसला. ह्यांनी कीबोर्ड पुढे सरकवून दिला आणि खिडकीकडे तोंड केलं.

त्यानंतर मी पाटी-पेन्सिल दिली, फोन दिला, बोटाने हवेत लिहा म्हटलं. नाही. फोनवरची अक्षरं त्यांच्या बोटाला बारीक होती, हे खरं. पण माझी खरी भीती वेगळीच होती. वाचा गेली तेव्हा हे बोलायला धडपडत होते. आता धडपडतच नव्हते. एकदा चिकाटीने मिळवलेलं पुन्हा हातातून गेलं, तर माणूस म्हणतो, जाऊ दे. ते ‘जाऊ दे’ मला त्यांच्या मानेवर दिसत होतं.

सून परत आली, मशीन पाहिलं आणि ओढणी खोचून बसली.

“आई, दुकानातल्या रिकव्हरी डिस्कने मशीन जन्मलं तेव्हा जसं होतं तसंच पुन्हा बनतं. आपल्याला बाबांचं मशीन हवंय. पुढच्या वेळेसाठी आपली आपणच बनवू.”

“ते घरी बनतं?”

“लोणचं बनतं, मग हे का नाही?”

सुनेने मला नीट ओळखलंय, ते असं.

तिने आधी सगळी वाक्यं पुन्हा बसवली, ह्यांना परत बोलतं केलं. मग तिने जे केलं ते बघून माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून पुरता गेलेला नाही. तिने मशीनचं झाकण काढलं आणि आतल्या डिस्कची वायर उपटली. “आता ह्याला काहीच आठवत नाही,” म्हणाली, “स्वतःचं नावसुद्धा नाही.” मग पेराएवढा पेन ड्राइव्ह पुढच्या फटीत खोचला आणि बटण दाबलं. ज्याच्या पोटात काही नाही ते मशीन जागं झालं! पडदा उजळला, चित्रं आली, बाण हलायला लागला. सून सांगत होती की मशीन चालू होताना कुठून उठायचं ते शोधतं, आपण त्याला सांगायचं, बाबा रे, इथून उठ. मग ते सगळं उचलून तेवढ्यापुरतं मेमरीत घेतं. मी मान डोलावत होते. खरं म्हणजे मी ऐकतच नव्हते. मी त्या पेराएवढ्या वस्तूकडे बघत होते. एवढ्याशा जागेत उठून उभं राहण्याची सगळी अक्कल मावते?

तरुणपणी मीही सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. आमच्याकडे पहिला संगणक आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर ‘जूते बाहर उतारें’ अशी पाटी लागली. धुळीसाठी. मला वाटलं, सोवळ्यासाठी! मी नुसत्या चपला काढून थांबले नाही, पदर डोक्यावर घेऊन आत गेले. आणि बाहेर येऊन सगळ्यांना ठणकावून सांगितलं, “हे खोकं टिकायचं नाही. टाइपरायटरला कधी एसी लागला होता का?” एवढंच करून गप्प बसले असते तर ठीक. पानिपतहून आणलेल्या जाड कापडाचं, झालर लावलेलं एक कव्हर मी त्या खोक्याला शिवलं आणि ते चालू असतानाच वरून घातलं. मशीन तापलं, साहेब त्याहून तापले. मी म्हणाले, “सर, उसे ठंड लग रही थी।” अशी ही विदुषी. तिला कोणी सांगितलं असतं की म्हातारपणी तू ह्याच खोक्यापुढे पुन्हा हात जोडशील, तर तिने नाक मुरडलं असतं.

तर, पेन ड्राइव्ह. नुसतं मशीन उठवणं पुरेसं नव्हतं. त्याने ह्यांच्यासाठी उठायला हवं होतं. सून शनिवार-रविवारी यायची, लॅपटॉपवर काहीतरी भरायची, इकडे लावून बघायची. कधी ती बाई असायची पण स्पीकर मुका. कधी स्पीकर बोलायचा पण अक्षरं मुंगीएवढी. सुरुवातीच्या पडद्यावर मराठी ओळी हव्यात असा मी हट्ट धरला, तर तिथे अक्षरं तुटून पडली, वेलांट्या भलतीकडेच जाऊन उभ्या. सुनेने शेवटी त्या ओळींचं चित्रच काढून मागे लावून टाकलं. प्रत्येक वेळी हे खुर्चीत बसून तपासायचे. मान आडवी हलली की पुन्हा पहिल्यापासून.

त्या पडद्यावर दोन ओळी होत्या. सुनेने लिहिलं होतं: पहिली, ‘मशीन पूर्वीसारखं कर’. दुसरी, ‘नुसतं बोलायचं आहे’. पहिली निवडली की शेजारच्या डब्याएवढ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवलेलं अख्खं मशीन परत जागेवर येणार. दुसरी निवडली की मशीन बिघडलेलंच राहणार, पण ह्यांना तेवढ्यापुरतं बोलता येणार. ह्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि खालची ओळ वर, वरची खाली अशी खूण केली.

“बाबा, पण आधी दुरुस्ती नको का?” सून म्हणाली.

त्यांनी खालची ओळ निवडून टाइप केलं. ती बाई म्हणाली, “दुरुस्तीला वेळ लागतो. आधी बोलायचंय.”

सुनेने ओळी बदलल्या.

आणि मग खंडेनवमी आली. घरातली हत्यारं त्या दिवशी पुजायची आणि त्यांना सुट्टी द्यायची, ही आमची पद्धत. सुरी, कात्री, शिलाई मशीन, मिक्सर मांडला. सून-मुलगा तिच्या माहेरी पुण्याला गेलेले. मी विचार केला, ह्या घरात आज सगळ्यात मोठं हत्यार कोणतं? कॉम्प्युटरवर निळा पडदा होता, काहीतरी अपडेट चाललंय, बंद करू नका असं लिहिलेलं. पण हत्याराने काम करत असताना पूजा घ्यायची म्हणजे काय! मी भिंतीतला प्लग काढला. हे खुर्चीतून ‘अं, अं’ करत होते. मला वाटलं फूल वाहायला सांगताहेत. फूल वाहिलं. आणि पेन ड्राइव्हलाही, चकचकीत भाग दिसला तिथे, ओल्या बोटाने हळद-कुंकू लावलं. सढळ हाताने.

दसऱ्याला सकाळी प्लग लावून बटण दाबलं. काळा पडदा.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांचे ऑफिसातले एक जुने मित्र सपत्नीक येणार होते, आजारपणानंतर पहिल्यांदाच. हे आठवडाभर एक एक वाक्य तयार करत होते. दाढी करून, इस्त्रीचा कुडता घालून बसलेले. मी पेन ड्राइव्ह खोचला, शिकवल्यासारखी बटणं दाबली. काहीच नाही. मशीनला तो दिसतच नव्हता. ह्यांनी हळूच कीबोर्ड पुढे सरकवला. तसाच, उन्हाळ्यातल्यासारखा.

मी पुण्याला फोन लावला.

“आई, दुसऱ्या फटीत लावून बघा.”

“लावला.”

“पेन ड्राइव्ह पडला का? पाणी?”

“नाही गं.”

“मग काही लागलंय का त्याच्या तोंडाला?”

मी पेन ड्राइव्ह उजेडात धरून पाहिला.

“आई?”

“थोडं कुंकू,” मी म्हणाले. “आणि थोडी हळद.”

पलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं की माझी सून तोंडावर उशी दाबून हसतेय. “आई, तुम्ही ग्रेट आहात,” ती म्हणाली. “इंजेक्शनचं स्पिरिट आहे ना बाबांचं? कान साफ करायची काडी घ्या. आतल्या पिवळ्या पट्ट्या दिसेपर्यंत पुसा. पूर्ण वाळू द्या. घाई नको.”

मी चष्मा लावून बाल्कनीत बसले. बाहेर सोसायटीच्या पार्कात मुलं कागदी रावणाला मिशा चिकटवत होती आणि मी एका पेरभर लोखंडाचं सौभाग्य पुसत होते. शेवटी आत सोनेरी पट्ट्या दिसल्या, केसासारख्या बारीक. माझ्या नवऱ्याचं बोलणं ह्या पट्ट्यांवरून जाणार होतं. मी श्वास रोखून धरला, जणू फुंकरीनेही विस्कटेल.

पुन्हा खोचला. बटण. टप टप टप, वरच्या रांगेतलं ठरलेलं बटण दाबत राहिले. पडदा काळा, काळाच. आणि मग आमचं चित्र आलं, आमच्या दोन ओळी, वेलांट्या आपापल्या जागी. मी पहिली निवडली. मोठी मोठी अक्षरं उजळली. हे खुर्ची ओढून पुढे आले, डावं बोट कीबोर्डवर ठेवलं.

“पाहुण्यांसमोर हे सांगू का?” ती बाई म्हणाली.

“सांगून तर बघा!” मी ओरडले, आणि मला रडू आलं, ते मी स्पिरिटच्या वासावर ढकललं.

पाहुणे आले. आपट्याची पानं इकडे उत्तरेत कुठली, कोपऱ्यावरच्या कचनारची, म्हणजे आपल्या कांचनाची पानं सोनं म्हणून वाटली. मित्र आधी बिचकले, मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. तेव्हा ह्यांनी टाइप केलं, “अरे, वाचा गेलीय. कान आहेत.” मग जो हशा झाला त्यानंतर दोघं जुन्या साहेबांची उणीदुणी काढण्यात जे रमले ते दुपार कलली तरी हलेनात. कुंकवाची गोष्ट अर्थातच सांगितली गेली, सविस्तर.

मी श्रीखंड वाढता वाढता त्या मशीनकडे बघत होते. आत डिस्क बेशुद्ध. पेन ड्राइव्हवरून उठलेलं हे सगळं फक्त वीज आहे तोवरचं. बंद केलं की त्या दिवसातलं एकही अक्षर कुठे उरणार नाही, असं सुनेने मला बजावून ठेवलं होतं. आधी मला ते उणं वाटलं होतं. मग वाटलं, आपलं तोंडाचं बोलणं तरी काय वेगळं असतं?

पाहुणे गेले. आता दुसरी ओळ निवडायची, म्हणजे मशीन पूर्वीसारखं होणार. पण ते होईस्तोवर कित्येक तास ती बाई गप्प. मी म्हटलं, “अहो, काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या. मग रात्रीपर्यंत तोंड बंद.”

त्यांनी विचार केला. बोट एकेका अक्षरावर सावकाश गेलं.

“तू बोल. मी ऐकतो.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी कुठल्याच आवाजात ऐकलं नव्हतं. मला एक शब्द सुचेना. मला! मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, खालची ओळ निवडली. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. हे माझ्याकडे तोंड करून बसले, वाट बघत.

मग मी खुर्ची जवळ ओढली आणि पाहुणीने नेसलेल्या साडीपासून सुरुवात केली.