पोलंडच्या भावात

आमच्या घरात तिन्हीसांजेला एक पोलिश बाई बोलते. एक-दोन वाक्यं बोलते आणि गप्प होते. तिला मीच आणली, आणि तीही स्वस्तात.

स्वस्ताचा मला नाद आहे हे आधीच सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर घरातलं कोणीतरी सांगणारच. दादरला कोथिंबिरीची जुडी घ्यायला उतरले की मी पुलाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत भाव विचारत जाते आणि शेवटी पहिल्याच बाईकडे परत येते. तोवर तिची कोथिंबीर संपलेली असते. फोन हातात आला तसा हा सगळा बाजार घरात आला. एकदा लक्षात आलं, की तोच कुकर माझ्या फोनवर महाग दिसतो आणि यांच्या फोनवर स्वस्त. हे म्हणाले, खरं गिऱ्हाईक कोण ते दुकानदाराला कळलंय. मग मी यांच्या फोनवरून खरेदी सुरू केली, तर थोड्याच दिवसांत यांचाही फोन महागला.

त्यातूनच पुढे देशांचा नाद लागला. एकाच कारखान्यातली एकच वस्तू, पण जर्मनीत एक भाव, पोलंडमध्ये दुसरा, आपल्याकडे तिसरा. कर, वाहतूक, मधले दलाल हे तर आहेच, पण कंपनी त्या त्या देशातल्या माणसाच्या खिशात डोकावून भाव लावते, हे मला उमगलं तेव्हा मी ते सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटेल त्याला समजावून सांगत असे. लोक आपला मजला यायच्या आधीच उतरू लागले.

लालबागमधली आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, त्यात आम्ही तिघं राहतो. हे, मी आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. एकेकाळी त्यांनी दारात उभं राहून हाक मारली की खालच्या मजल्यावरची मुलं अभ्यासाला बसायची. टॉवरमध्ये आलो आणि हळूहळू त्यांना ऐकू येईनासं झालं. एकदा शेजारच्या बाई दारात सांगायला आल्या, की त्यांचे दीर गेले. सासूबाई छान हसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं हो. पेढे कधी?"

काय झालं ते त्यांना कोणी सांगितलं नाही, पण आमच्या चेहऱ्यांवरून त्यांनी ओळखलं. त्या दिवसापासून त्या दार उघडायला जाईनात. कोणी आलंच तर बारशाला आणि मयताला दोन्हीकडे चालेल असा एक चेहरा करून बसत. मग कोणी नसतानाही तोच चेहरा राहू लागला. घरात असून त्या घरातून निघून चालल्या होत्या, आणि आम्हाला ते दिसत होतं.

शिवाजी पार्कजवळच्या कानांच्या डॉक्टरांनी तपासणी करून एक यंत्र त्यांच्या कानात बसवून पाहिलं. सासूबाई दचकून मागे वळल्या, कोण चालतंय म्हणून. त्यांच्याच पदराची सळसळ होती. तो चेहरा गळून पडला आणि जुन्या सासूबाई आमच्याकडे बघू लागल्या. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डॉक्टरांनी किंमत सांगितली आणि आमचेच कान बंद झाले.

आता माझ्यातली शिकारी जागी झाली. नणंदेची मुलगी जर्मनीत शिकते, पोलंडची हद्द तिथून जवळ. पोलंडमधल्या एका दुकानाच्या संकेतस्थळावर हुबेहूब तेच यंत्र निम्म्याहून कमी भावात होतं, आणि त्यात मागच्या वर्षीचा माल म्हणून आणखी सवलत. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, की बाहेरून आणलेल्याला इथे कोणी हात लावणार नाही, कंपनीने देशादेशांत कुंपणं घातली आहेत. मी मान डोलावली आणि घरी येऊन भाचीला सासूबाईंच्या तपासणीचा कागद पाठवला. ती बिचारी हद्द ओलांडून गेली, त्या कागदाप्रमाणे यंत्र जुळवून घेतलं, आणि सुट्टीला आली तेव्हा बॅगेतून घेऊन आली. मी लिफ्टमध्ये आठवडाभर भाव सांगत होते.

आणि सासूबाईंना खरंच ऐकू येऊ लागलं. कुकरच्या शिट्ट्या त्या मोजू लागल्या. माझ्या फोडणीत मोहरी नीट तडतडली नाही, हे बाहेरच्या खोलीतून सांगू लागल्या. इतका आनंद झाला की मी ऐकूनही घेतलं.

मग एका संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते आणि मागून त्यांचा आवाज आला. "हो."

वळून पाहिलं. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, तोंड कॉटन ग्रीन स्टेशनच्या दिशेला, आणि समोर कोणी नव्हतं. मला वाटलं, मलाच काहीतरी म्हणाल्या. पण दुसऱ्या संध्याकाळी तसंच झालं, आणि तिसऱ्याही. पुढे पुढे दिव्याची वेळ झाली की त्या आपली खुर्ची कोपऱ्यात ओढून घेत, कानामागे हात धरून बसत. कोणीतरी यायचं असल्यासारख्या. थोड्या वेळाने हसत, "हो" म्हणत, आणि उठून मोरीत हातपाय धुवायला जात.

कोण बोलतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, एक बाई आहे. काय म्हणते, तर ते तिचं तिला माहीत, पण विचारते काहीतरी. "इतक्या प्रेमाने विचारते, मग मी हो म्हणते."

हे गंभीर झाले. वय झालं की असं होतं, म्हणाले. मी म्हणाले, असेल. पण त्यानंतर दिवा लावताना कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाठ करायला मला नको वाटू लागलं.

एका संध्याकाळी सासूबाईंना कणकण होती. यंत्र काढून टेबलावर ठेवून त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. दिव्याची वेळ झाली. मी ते मुठीत घेतलं तर ते मुठीतच बारीक शीळ घालू लागलं. टाकूनच देणार होते. पण यांच्या भाषेत सांगायचं तर माझ्या नसत्या चौकशा, त्यामुळे कानात घातलं.

आधी पंखा आला. मग फ्रिज, मग भिंतीपलीकडची लिफ्ट, माझीच बांगडी. मग आतल्या खोलीतून हे, फोनवर बहिणीशी, अगदी हलक्या आवाजात. आईचं आता काही खरं नाही, भास होतात तिला, हिने स्वस्तातलं काय आणून घातलंय देव जाणे. शब्द न् शब्द माझ्या कानात उभा होता. म्हणजे हे सगळं सासूबाई रोज ऐकत होत्या आणि मोहरीबद्दल बोलत होत्या.

आणि तेवढ्यात ती बोलली.

बाहेरून नाही. डोक्याच्या आत, जिथे आपलं आपणच बोलतो तिथे. मऊ, स्वच्छ, जरा दमलेला आवाज, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसा. मला एक अक्षर कळलं नाही. पण मी ऑफिसात चार माणसं सांभाळणारी बाई, दिव्यासमोर उभी राहून म्हणाले, "हो."

मागे खाट करकरली. सासूबाई उठून बसल्या होत्या. कानात यंत्र नाही, म्हणजे दाराची बेलही त्यांना ऐकू आली नसती. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बोलली ना?"

दुसऱ्याच दिवशी मी ते यंत्र घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. यंत्रातली सूचना आहे, म्हणाले. बॅटरी संपत आली की ती बाई सांगते. जुना माल, त्यामुळे बॅटरी संध्याकाळीच मान टाकते. मी म्हणाले, मग तिला मराठी नाही तर निदान हिंदी तरी बोलायला लावा. त्यांनी यंत्र संगणकाला जोडून पाहिलं, बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. त्यांच्याकडून ते उघडतच नव्हतं. "तुम्ही तिथल्या भावात घेतलंत," ते म्हणाले, "मग ते बोलणारही तिथलंच."

उलगडा झाला म्हणून मी मोकळी व्हायला हवी होते. पण पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात वेगळंच फिरत होतं. रोज तिन्हीसांजेला कोणीतरी सासूबाईंना सांगत होतं, की आता संपत आलं. आणि त्या रोज हसून हो म्हणत होत्या. काल मीही म्हणाले होते.

घरी येऊन मी जाहीर केलं, की इथल्या भावात नवीन यंत्र घेऊ. हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्या बाईने आता मलाच धरलंय. सासूबाईंना मी सगळं सांगितलं. ती बाई कुठली, ती काय म्हणते, आणि आपण तिला काढून टाकतोय. नवीन यंत्र दिवसभर चालेल, इथे दुरुस्तही होईल.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग यंत्रावर हात ठेवून म्हणाल्या, "मग ती काय खोटं बोलते?"

मी यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मला ऐकू यावं म्हणून ओरडता, नाहीतर येऊ नये म्हणून कुजबुजता," त्या म्हणाल्या. "ती तेवढी माझ्याशी साध्या आवाजात बोलते."

हे फोन घेऊन आत जायला निघाले होते, ते दारातच थांबले. नवीन यंत्राचा विषय तिथेच संपला. मी मात्र ठरवलं, की पोलंडमधल्या बाईला जे जमतं ते लालबागमधल्या बाईला जमायला हरकत नाही.

त्याच संध्याकाळी दिवा लावून मी त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले आणि ना ओरडून, ना कुजबुजून, साध्या आवाजात विचारलं, "आई, चहा ठेवू?" इतकं साधं बोलायला किती अवघड जातं, ते त्या दिवशी कळलं.

त्यांनी बोट वर केलं. "थांब गो. आधी तिचं होऊंदे."

मी थांबले. हेही आतून येऊन उभे राहिले. खोलीत अंधार दाटत होता, पण उठून बटण दाबायची कोणाची छाती होईना. फ्रिज गुरगुरायचा थांबला. आम्हाला काहीच ऐकू येणार नव्हतं, तरी आम्ही दोघं कान देऊन होतो.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हो," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळल्या. "अजून थोडा वेळ आहे. बोल, काय म्हणत होतीस?"