उशीवरचं गाव

मंचरच्या आमच्या घरात सोफा बसायला होता. पण त्यावरच्या उशा टेकायला नव्हत्या. त्या फक्त बघायच्या होत्या.

हा कायदा माझा. दोन हजार सालाच्या आसपास मी पुण्याच्या एका प्रदर्शनातून अमूर्त चित्रांच्या चार उशा आणल्या. हिरवे फराटे, तांबडे ठिपके, मधूनच एक काळी वेडीवाकडी रेघ. शेजारचे भाऊ दारातच थबकले.

"राव, हिच्यावर कुनी वकलं का काय?"

"भाऊ, ही कला आहे!" (दुकानदाराने मलाही एवढंच सांगितलं होतं.)

"मग पुसू नका, ऱ्हाऊ द्या."

बायकोला त्यात मटकीची उसळ दिसली. मला काहीच दिसत नव्हतं, म्हणून मीच सगळ्यात जास्त बोलत होतो.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा आमच्याकडेच असत. डोंगराकडचं त्यांचं गाव धरणात गेलं, तेव्हापासून त्यांचं बोलणंच आटलं होतं. टीव्हीसमोर बसायचे आणि खिडकीकडे बघायचे. एका सकाळी त्यांनी चक्क एक उशी मांडीवर घेतली! मी ओरडणार, तोच ते काळ्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "ही नदी. हितं वळती. ही आपली भाताची खाचरं. आन् ह्यो तांबडा ठिपका हाय न्हवं, ती तुझ्या आयची चूल."

"आबा, ते अमूर्त आहे. त्यात काही नसतं."

"तुला नसंल."

मग काय! जेवण झालं की उशी मांडीवर आणि आबा गावात. भाऊंनाही ते घरोघर फिरवून आणायचे. "तिकडनं नगं, चिखल हाय!" म्हणाले, की भाऊ खरोखर पाय आखडून घ्यायचे. आबा हसायला लागले होते हो!

पण आबांचं तपकीर ओढायचं बोट फिरून फिरून गाव मळलं. त्यात पुण्याहून माझे वरिष्ठ जेवायला येणार! मी बादली भरली, साबणाचा चुरा ओतला.

"अहो, रंग कच्चा असेल," बायको म्हणाली.

आबा न्हाणीच्या दारात येऊन उभे राहिले. 

"काही होत नाही तुमच्या गावाला!" मी गरजलो. "चकाचक करून देतो!"

उशी बुडवली, तसं पाणी हिरवं झालं. मग तांबडं झालं. घाबरून मी उशी उपसली आणि पिळली (पिळायला नको होती), तर उरलंसुरलं गाव माझ्या बनियनवर आलं! मी धावत जाऊन बाकीच्या तीन उशा आणल्या.

"आबा, ही बघा नदी!"

त्यांनी तिन्ही न्याहाळल्या. "ही दुसऱ्यांची गावं."

मग मी पोट पुढे काढून उभा राहिलो. "इथे बघा, बनियनवर! हे खाचर असेल, ही चूल..." ज्याला आजवर काही दिसलं नव्हतं, तो मी आता सगळं दाखवत होतो. आबांनी माझ्या पोटावरून हलकेच बोट फिरवलं.

"न्हाई रं. समदं पानीच हाय."

मला रडू फुटलं. "आबा, मला खरंच वाटलं, काही होणार नाही."

"धरनाचा सायेब बी आसंच म्हनला व्हता," ते म्हणाले आणि खिडकीकडे जाऊन बसले.

त्या साहेबाला मी मंचरच्या चौकात उभं राहून वर्षानुवर्षं शिव्या घातल्या आहेत. पण त्या बिचाऱ्याला निदान अख्खी नदी अडवावी लागली! मी एका बादलीत उरकलं, आणि तेही पदरचा साबण घालून!