चार सूत आखूड

बारक्या बावन्न वर्षांचा. डोक्यावर केस नावापुरते, पोट मात्र सढळ हातानं दिलेलं. तरी गल्लीत, घरात, दुकानात सगळ्यांचा तो बारक्याच, कारण दादा त्याला बारक्या म्हणायचा. दोघा भावांचं सुतारकामाचं दुकान होतं. पुढं काम चालायचं आणि मागच्या दारानं दोन पायऱ्या चढलं की वहिनींचं स्वयंपाकघर. दादा बारा वर्षांनी मोठा. पटाशी कशी धरायची हे त्यानंच बारक्याला शिकवलं, तेही कान धरून.

तीन वर्षांपासून दादाला दिसेनासं झालं होतं. उजेड कळायचा, कुणी आलं-गेलं कळायचं, बस्स. डॉक्टरांनी हात टेकले, पण हा पठ्ठ्या कामावरून हटला नाही. बोटांनी बघायचा. खुर्चीच्या पायांना भोकं पाडावीत तर त्यानंच. हातड्रिल छातीनं रेटायचा, उजव्या हातानं दांडा फिरवायचा आणि डावं बोट भोकाच्या काठाला ठेवायचा. ड्रिलच्या बिटावर त्यानं दोरा गुंडाळून सरसानं पक्का केलेला होता, टोकापासून बरोबर दहा सुतांवर, म्हणजे सव्वा इंचावर. दोरा बोटाला लागला की थांबायचं. धार लावली की बिट आखूड होतं, म्हणून जो धार लावेल त्यानंच दोरा सोडून नव्यानं बांधायचा, असा दुकानाचा कायदा. कायदा अर्थातच दादाचा.

एका दुपारी दादा वहिनींबरोबर डोळे दाखवायला गेला. बारक्या एका जुन्या फळीला भोकं पाडायला बसला होता. जाता जाता दादा उंबऱ्यातून म्हणाला, "जुनी फळी आहे ती. आधी लोहचुंबक फिरव, खिळा असेल एखादा."

"हो रे बाबा, हो," बारक्या म्हणाला. आणि फिरवलं का? छे! दहा मिनिटांत आतल्या खिळ्यावर बिट गेलं आणि टक्कन मोडलं. तीन सूत टोक फळीतच.

आता बारक्याच्या हातात कसब नव्हतं असं कोण म्हणेल? त्यानं पटाशीनं तुकडा उकरून काढला. मोडकं बिट सहाणेच्या चाकावर धरलं, लागलं न लागलं की पाण्यात बुडवलं, पुन्हा धरलं. पोलाद तापून निळं पडू दिलं नाही. दोन्ही कडा सारख्या उतरवल्या, त्यात आणखी एक सूत गेलं. लाकडाच्या तुकड्यावर चालवून बघितलं, तर दोन्ही बाजूंनी सारखा भुसा आला. स्वारी स्वतःवरच खूश झाली.

मग नजर दोऱ्यावर गेली. दोरा नव्यानं बांधायला हवा होता. पण दोरा चार सूत मागं गेला की दादाच्या बोटाला लगेच कळणार. मग तो विचारणार धार कशाला लावलीस, मग खिळा निघणार, मग लोहचुंबक, मग वहिनींच्या देखत तासभर पूजा बांधली जाणार. बावन्नाव्या वर्षी! बारक्यानं ठरवलं, उद्या नवं बिट आणू, त्यावर दोरा पहिल्याच जागी गुपचूप बांधू, विषय संपला. मोडकं बिट त्यानं जागच्या जागी ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एका गिऱ्हाइकाचं दार अडकलं म्हणून बोलावणं आलं. ते दार काही सरळ होईना. दुपार टळून बारक्या परतला, तर दुकानात मोगरीचे ठोके चाललेले. दवाखान्यासाठी सहा खुर्च्या करायच्या होत्या. दादानं चोवीस पायांची सगळी भोकं सकाळीच पाडून टाकली होती आणि आता आडव्या दांड्या ठोकत होता. दांडी आत जाईना. अर्धा इंच बाहेरच. दादानं आणखी जोरानं हाणलं आणि पाय उभा चिरला.

काय झालं ते बारक्याला जागीच कळलं.

दादानं करंगळी एका भोकात घातली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. सगळ्या पायांत तो तसाच बोट घालत गेला, एकही सोडला नाही. शेवटी मोगरी खाली ठेवून म्हणाला, "माझ्या बोटाला दोरा लागला असं वाटलं रे मला. प्रत्येक वेळी वाटलं. म्हणजे आता बोटंही गेली."

"दादा, ते..." बारक्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात ठोके का थांबले म्हणून वहिनी दारात आल्या, आणि ह्या शहाण्यानं उघडलेलं तोंड मिटलं. "मी करतो दुरुस्त. तू बस," एवढंच म्हणाला.

त्यानं भोकं खोल केली, चिरलेला पाय नवा घडवला, खुर्च्या वेळेवर पोचवल्या. दादा म्हणाला, "तू होतास म्हणून अब्रू वाचली." बारक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगावं म्हटलं तर आता आणखी अवघड. पहिल्या दिवशी एक चूक सांगायची होती, दुसऱ्या दिवशी चूक आणि लपवाछपवी, आणि रोज त्यात भर. आणलेलं नवं बिट पुडीतच पडून होतं. दादा दाराशी बसून राहायचा, हात मांडीवर. कुणी विचारलं तर म्हणायचा, "झालं आमचं." बारक्याला जेवण जाईना. लाज वाटायची, स्वतःचाच राग यायचा, आणि तरी तो मूग गिळून बसायचा. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी सकाळी दादानं आपल्या पटाश्यांची पेटी उचलून बारक्याच्या पुढ्यात ठेवली. "घे. मुठी तुझ्या हाताला बसतील. गंजायला नकोत."

बारक्यानं पेटीला हात लावला नाही. "दादा, तुझी बोटं नाही गेली. बिट मी मोडलं. खिळ्यावर. घासून परत ठेवलं आणि दोरा सरकवला नाही. मुद्दाम नाही सरकवला. तू ओरडशील म्हणून."

एका दमात सगळं बाहेर पडलं. दादानं हात पुढं केला. बारक्यानं ते बिट आणून तळहातावर ठेवलं. दादानं दोऱ्यापासून टोकापर्यंत अंगठा फिरवला.

"सहा सूत," तो म्हणाला. नेमकं तेवढंच होतं. टोकाच्या कडा चाचपून म्हणाला, "धार झकास लावलीस." त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बारक्याला परवडलं असतं.

"ओरड ना रे," बारक्या म्हणाला.

"ओरडतो नंतर. आधी आत जा आणि तुझ्या वहिनीला सांग. नऊ दिवस ती मला चहा अर्धाच कप देते आहे. सांडेन म्हणून. मीही मुकाट्यानं पितो, कारण मलाही तसंच वाटत होतं."

बारक्या दोन पायऱ्या चढून आत गेला. वहिनी चहाच ओतत होत्या. त्यानं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. वहिनी ऐकत राहिल्या. "आणि मी रोज देवापुढं रडत होते," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी कप काठोकाठ भरला आणि बारक्याच्या हातात दिला. "तुम्हीच नेऊन द्या."

बारक्या निघाला. हात असे थरथरत होते की पहिल्या पायरीवरच चहा बशीत आला, दुसरीवर मनगटावर. दादानं कप घेतला आणि हातातच तोलून बघितला.

"अजून अर्धाच दिला तिनं?"

"तिनं भरून दिला होता, दादा," बारक्या लगेच म्हणाला. "माझ्या हातून सांडला."